‘दहापट घातक’, पण कोणासाठी?

माननीय संपादक यांस,
स. न. वि. वि.

पावसाळा लागला की ठाण्यातल्या भिंतींना ओल चढते, कपाटातल्या चपलांवर पांढुरकी साय धरते आणि वर्तमानपत्रांत बुरशीच्या बातम्या यायला लागतात. हे पत्र त्यांतल्या एकाच वाक्याबद्दल आहे. ‘नेहमीच्या बुरशीपेक्षा ही दहापट घातक असल्याचे उंदरांवरील प्रयोगांत दिसून आले’ अशा धाटणीचे ते वाक्य असते. ते खोटेच असते असे नाही. पण डोस किती दिला, कुठल्या वाटेने दिला, उंदीर कसला होता आणि ‘घातक’ हे कशावरून ठरवले, यांतले काहीच शेजारी नसेल तर त्याला अर्थ उरत नाही. लोकलने वाशी निम्म्या वेळात गाठता येते असे सांगायचे, आणि निम्मा म्हणजे बसच्या की पायी चालण्याच्या ते गिळून टाकायचे, तसला हा प्रकार.

आधी शब्दाचे पाहू. रोग होऊ शकतो की नाही, ही झाली रोगकारकता; झाला तर किती जोराचा, ती उग्रता. इंग्रजी व्हिरुलन्सला आम्ही उग्रता म्हणतो. घटसर्पाच्या जिवाणूकडे एक ठरावीक विष असते आणि बहुतेक अनर्थ त्या एका विषाने होतो. बुरशीचे असे सरळ नसते. अ‍ॅस्परजिलस फ्युमिगेटस या बुरशीचे बीजाणू दोन-तीन मायक्रॉनचे असतात, फुप्फुसाच्या पार टोकापर्यंत पोचतात, आणि आपण सगळेच ते रोज शेकड्यांनी ओढत असतो. घोडबंदर रोडवर खोदकाम चालले असेल तर आणखी थोडे. धडधाकट माणसाला त्याचा पत्ताही लागत नाही. पण खारघरच्या अ‍ॅक्ट्रेक या टाटा कर्करोग केंद्रात अस्थिमज्जा प्रत्यारोपण झालेल्या आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी जवळजवळ संपलेल्या रुग्णाला तोच बीजाणू मारू शकतो. बीजाणू बदललेला नसतो. म्हणून १९९९ साली आर्तुरो कासादेव्हाल आणि लीझ-अ‍ॅन पिरोफ्स्की या संशोधकांनी मांडले की उग्रता हा जंतूचा एकट्याचा गुण धरू नये. जंतू आणि यजमान (ज्याच्या अंगात तो शिरतो तो) यांच्या गाठीभेटीत यजमानाचे किती नुकसान होते, ते मोजावे. प्रयोग समजून घ्यायला ही एक कल्पना पुरेशी आहे. पुढचा सगळा घोळ मोजणीचा आहे, आणि मोजणीत माणसे कुठे घसरतात ते सविस्तर सांगितल्याशिवाय बातमीतला आकडा वाचता येत नाही.

पहिली घसरण डोस मोजताना होते. समजा प्रयोग कॅन्डिडा अल्बिकन्स या यीस्टचा, म्हणजे एकपेशी बुरशीचा, आहे. ते रात्रभर ३० अंशांवर, हलत्या फ्लास्कमध्ये वाढवतात. ३७ अंशांवर वाढवले तर त्याला लांब तंतू फुटू लागतात, पेशी एकमेकींत गुंततात आणि मग मोजायचे काय हाच प्रश्न पडतो. सकाळी सेंट्रिफ्यूज करून पेशी तीनदा सलाईनमध्ये धुवायच्या. नाही धुतल्या तर माध्यमातली द्रव्येही प्राण्याच्या अंगात जातात. मग १०० पट पातळ करून न्यूबावर चेंबरमध्ये, म्हणजे चौकोन आखलेल्या काचपट्टीवर, सूक्ष्मदर्शकाखाली मोजायच्या. चेंबरचा मोठा चौकोन १ मिमी बाय १ मिमी, खोली ०.१ मिमी, म्हणून एका चौकोनातली संख्या गुणिले १०,००० म्हणजे एका मिलिलिटरमधली संख्या. चौकोनात सरासरी ४० पेशी दिसल्या तर मूळ द्रावणात ४० गुणिले १०,००० गुणिले १००, म्हणजे मिलिलिटरला ४ कोटी पेशी आहेत. उंदराला ०.१ मिलिलिटरमधून ५ लाख पेशी द्यायच्या तर द्रावण मिलिलिटरला ५० लाखांचे हवे, म्हणून ४ कोटींचे ८ पट पातळ करायचे.

इथवर बहुतेकांचे बरोबर येते. चूक असते ती पुढची पायरी वगळण्यात. चेंबर मेलेल्या पेशीही मोजतो. प्राण्याला खरोखर किती जिवंत पेशी मिळाल्या ते कळण्यासाठी टोचून झाल्यावर उरलेले द्रावण ५,००० पट पातळ करून त्यातले ०.१ मिलिलिटर साबुरो आगार या बुरशी वाढवायच्या माध्यमाच्या प्लेटवर पसरावे लागते. प्रत्येक जिवंत पेशीतून एक ठिपका, म्हणजे कॉलनी, उगवते. हिशेबाने १०० कॉलनी उगवायला हव्यात. ६० उगवल्या तर डोस ५ लाखांचा नव्हता, ३ लाखांचा होता, आणि अहवालात ३ लाखच लिहायला हवेत. द्रावण टेबलावर दोन-तीन तास पडून राहिले तर शेवटच्या पिंजऱ्यातल्या उंदरांना पहिल्या पिंजऱ्याइतक्या जिवंत पेशी मिळत नाहीत. शिवाय पेशी तळाशी बसतात, म्हणून प्रत्येक वेळी सिरिंज भरण्याआधी नळी हलवावी लागते. हे सांगण्यासारखे वाटत नाही, पण ‘दुप्पट उग्र’ निघालेल्या काही वाणांचे (एकाच बुरशीच्या पोटप्रकारांचे) उंदरांना नुसते तळाचे घट्ट द्रावण मिळालेले असू शकते.

त्यात कॅन्डिडा ऑरिससारखी बुरशी असली तर आणखी पंचाईत. ही २००९ मध्ये जपानमध्ये एका रुग्णाच्या कानातल्या नमुन्यावरून नवी जात म्हणून नोंदली गेली (नावातले ऑरिस म्हणजे लॅटिनमध्ये कान) आणि आज जगभरच्या अतिदक्षता विभागांची डोकेदुखी आहे. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२२ मध्ये १९ रोगकारक बुरश्यांची प्राधान्य-यादी काढली. तिच्यातल्या सर्वांत वरच्या चौघींत ही आहे. हिच्या काही वाणांच्या पेशी विभागून झाल्यावरही एकमेकींना चिकटून राहतात, द्रावण जोरात हलवले तरी सुटत नाहीत. असा २० पेशींचा गोळा प्लेटवर एकच कॉलनी देतो. म्हणजे ‘५ लाख’ टोचल्याची नोंद असते आणि प्राण्याच्या अंगात कितीतरी अधिक गेलेल्या असतात, त्याही गोळ्यांच्या रूपात. मेणअळ्यांमध्ये (त्यांच्याबद्दल पुढे) गोळे न करणारे वाण गोळे करणाऱ्यांपेक्षा अधिक उग्र ठरले आहेत. ‘ऑरिस किती घातक’ याचे उत्तर कुठला वाण घेतला आणि तो मोजला कसा, यावर इतके हलते.

आता वाट. कॅन्डिडासाठी सर्वांत रुळलेली वाट उंदराच्या शेपटीच्या बाजूच्या शिरेची. शेपटी आधी कोमट करून शीर फुगवतात, बारीक सुईने ०.१ ते ०.२ मिलिलिटर हळू सोडतात. सुई शिरेबाहेर गेली तर शेपटीवर फुगवटा येतो आणि दाब लागतो. त्या उंदराला पूर्ण डोस मिळालेला नसतो. असा उंदीर गाळायचा की ठेवायचा हे प्रयोगाआधी लिहून ठेवलेले हवे. नंतर ठरवले की सोयीचा तो ठेवला जातो, इतका तरी मनुष्यस्वभाव सगळ्यांना ठाऊक आहे. शिरेतून दिलेला कॅन्डिडा यकृत आणि प्लीहेतून बराचसा साफ होतो, पण मूत्रपिंडात मूळ धरतो. म्हणून मोजणी मूत्रपिंडाची करतात. एक मूत्रपिंड ०.१५ ग्रॅमचे धरा. ते सलाईनमध्ये वाटून एकूण १ मिलिलिटर करायचे, १,००० पट पातळ करून ०.१ मिलिलिटर प्लेटवर पसरायचे. ४२ कॉलनी आल्या तर मूत्रपिंडात ४ लाख २० हजार, म्हणजे ग्रॅमला २८ लाख. हे आकडे एका उंदरापासून दुसऱ्यात इतके झेपावतात की ते लॉगमध्येच, म्हणजे दहाच्या घातांकात, मांडतात. २८ लाखांचा लॉग ६.४५. दुपटीचा फरक लॉगमध्ये जेमतेम ०.३ असतो. मोजमापाच्या अशा पद्धतीत, मोजक्या प्राण्यांवर, दुपटीच्या फरकावरून मथळा करणे आम्हाला धाडसाचे वाटते.

डोस निवडण्यातही ग्यानबाची मेख आहे. त्याच वाणाच्या १० लाख पेशी दिल्या तर उंदीर दीड-दोन दिवसांत रक्तात जंतू पसरून येतो तसा झटका येऊन जातो; एक लाख दिल्या तर आजार मूत्रपिंडात हळूहळू वाढतो. हे दोन वेगळे आजार आहेत. फार मोठ्या डोसात दुबळा वाणही मारतो आणि फरक पुसला जातो. फार लहान डोसात उग्र वाणही मारत नाही. म्हणून निदान दोन-तीन डोसांवर तुलना केलेली असेल तरच ती तुलना मानावी.

पूर्वी उग्रता एलडी-५०ने सांगत, म्हणजे निम्मे प्राणी मारणारा डोस. ही कल्पना ट्रेव्हन यांनी १९२७ मध्ये औषधांची ताकद प्रमाणित करण्यासाठी मांडली. आज बुरशीच्या कामात ती मागे पडली आहे, कारण तिला प्राणी खूप लागतात आणि मरण हेच मोजमाप होते. आता प्राण्याचे वजन रोज मोजतात. सुरुवातीच्या वजनाच्या २० टक्के घटले, अंग गार पडले, हालचाल थांबली की त्याला वेदना न होता संपवतात आणि तो दिवस नोंदतात. म्हणजे ‘जगण्याचा आलेख’ म्हणून जो छापला जातो तो पुष्कळदा मृत्यूचा नसून त्या ठरावीक टप्प्याला पोचण्याचा असतो. एका प्रयोगशाळेचा टप्पा १५ टक्के आणि दुसरीचा २० टक्के असेल, तर दोघींचे ‘सरासरी ५ दिवस जगले’ एकमेकांशेजारी ठेवता येत नाही.

अ‍ॅस्परजिलसच्या प्रयोगात उंदराची प्रतिकारशक्ती आधी पाडावी लागते, नाही तर तो बीजाणू पचवून ढेकरही देत नाही. पाडण्याचे दोन मार्ग आहेत आणि सगळी गोम त्यात आहे. एक, सायक्लोफॉस्फमाइड हे कर्करोगावरचे औषध, साधारण १५० मिलिग्रॅम प्रतिकिलो, म्हणजे २५ ग्रॅमच्या उंदराला ३.७५ मिलिग्रॅम, लागणीच्या दोन-तीन दिवस आधी आणि नंतर पुन्हा तीन-चार दिवसांच्या अंतराने. याने न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी संपतात. दोन, स्टेरॉइड, याने पेशी राहतात पण नीट लढत नाहीत. पहिल्या उंदराच्या फुप्फुसात बुरशीचे तंतू माजतात आणि त्याने तो जातो. दुसऱ्यात बुरशी तुलनेने कमी असते, पण फुप्फुसात पेशींची झुंबड उडते आणि स्वतःच्या दाहानेच तो जातो. आता ग्लायोटॉक्सिन नावाचे या बुरशीचे विष घ्या. ते बनवणारे ग्लिप हे जनुक काढून टाकले, तर स्टेरॉइड दिलेल्या उंदरांत बुरशीची उग्रता घटली. न्यूट्रोफिल संपवलेल्या उंदरांत काहीच फरक पडला नाही. कारण ते विष मुख्यतः न्यूट्रोफिलांवर चालते, आणि तेच नसतील तर विष कोणावर चालणार? दोन्ही निकाल खरे आहेत. एकच वाचणारा वार्ताहर मात्र ‘विष महत्त्वाचे’ किंवा ‘विष बिनमहत्त्वाचे’ असे काहीतरी छापतो.

बीजाणू गोळा करण्याचेही सांगून टाकू. ते पाण्याला विटतात, म्हणून पाण्यात ०.०५ टक्क्यांच्या आसपास ट्वीन हे साबणासारखे द्रव्य घालून पाच-सात दिवसांच्या प्लेटवरून हळुवार सोडवतात आणि बारीक जाळीतून गाळतात. तंतूंचे तुकडे राहिले तर तेही नाकात जातात. बेशुद्ध उंदराला उभे धरून नाकपुडीवर २५ ते ४० मायक्रोलिटर थेंबाथेंबाने सोडायचे. त्यातले थोडे पोटात जातेच, हे गृहीत धरावे. न्यूट्रोफिल संपलेले उंदीर साध्या जिवाणूंनीही मरतात, म्हणून पिण्याच्या पाण्यात प्रतिजैविक घालतात आणि लागण न केलेला, पण सगळी औषधे दिलेला गट ठेवतात. तो गट जगला नाही तर प्रयोग बाद. आणि इथे मूत्रपिंडासारखी कॉलनी-मोजणी चालत नाही: तंतूंचे अख्खे जाळे एक कॉलनी देते, किंवा वाटताना त्याचे ५० तुकडे होऊन ५० देते. त्यामुळे बुरशीचा डीएनए किंवा तिच्या पेशीभित्तीतले गॅलॅक्टोमॅनन मोजतात आणि ऊतींचे काप चांदीच्या रंगणीने पाहतात. फुप्फुसातल्या अ‍ॅस्परजिलसची तुलना फक्त कॉलनींवर उभी असेल, तर भुवई उंचावावी.

जनुक काढल्याने उग्रता गेली, असे म्हणण्याआधी एक जुनी फजिती आठवावी. कॅन्डिडाचे जनुक काढताना खूण म्हणून अनेक वर्षे युरा-३ हे जनुक वापरत. पेशीला युरिडीन बनवायला ते लागते. ते क्रोमोसोमवर कुठे बसवले त्यावर त्याचे काम कमी-जास्त होते, आणि ते कमी झाले की कॅन्डिडा उंदरात मवाळ होतो. परिणाम असा की ‘अमुक जनुक उग्रतेला आवश्यक’ असे लिहिलेल्या काही निष्कर्षांत दोष त्या जनुकाच्या अभावाचा नव्हता, खुणेच्या जागेचा होता. पुढे युरा-३ सर्व वाणांत एकाच ठरावीक जागी बसवायची रीत आली, आणि काढलेले जनुक परत घालून उग्रताही परत येते का हे दाखवणे सक्तीचे मानले जाऊ लागले. परत न घालता केलेला दावा आम्ही अर्धवट समजतो.

संख्येबद्दल थोडेच. एका गटात ९० टक्के आणि दुसऱ्यात ५० टक्के जगतात, इतका ढळढळीत फरकही ८० टक्के खात्रीने पकडायला प्रत्येक गटात सुमारे २० प्राणी लागतात. पाच-पाच उंदरांवर ‘फरक आढळला नाही’ याचा अर्थ फरक नाही असा होत नाही. नर एका पिंजऱ्यात भांडतात, जखमी होतात, वजन घटते आणि ते बुरशीच्या खात्यावर पडते. एक वाण एका पिंजऱ्यात आणि दुसरा दुसऱ्यात असे ठेवले तर तुलना पिंजऱ्यांची होते.

आता ज्या भागाचा आपल्या शहरांतल्या महाविद्यालयांना खरा उपयोग आहे तो: मेणअळी. मेणपतंग, गॅलेरिया मेलोनेला, हा मधपाळांचा शत्रू. त्याची अळी पोळ्यातले मेण पोखरते. बुरशीची उग्रता मोजायला तिचा वापर जगभर होतो, कारण ती ३७ अंशांवर, माणसाच्या तापमानाला, जगते. झेब्राफिशच्या पिल्लांना इतके तापमान सोसत नाही आणि गोलकृमी तर २५च्या वरच कुरकुरतात. अळीच्या रक्तातल्या पेशी बुरशीला गिळतात आणि तिच्याभोवती मेलॅनिनचा काळा थर चढवतात, आपल्या न्यूट्रोफिलांच्या कामाशी बरेच मिळतेजुळते.

अळ्या शेवटच्या अवस्थेतल्या, २५० ते ३५० मिलिग्रॅमच्या, मलईच्या रंगाच्या घ्याव्यात. करडे ठिपके असलेल्या वगळाव्यात. प्रत्येक गटात किमान १०, शक्यतो २०. आणलेल्या अळ्या लगेच टोचू नयेत. उपास घडला, थंडीत ठेवल्या, टेम्पोतून हिंदकळत आल्या, तरी त्यांची प्रतिकारशक्ती वर-खाली होते. म्हणून सगळे गट एकाच खोक्यातून, एकाच दिवशी, चिठ्ठ्या टाकून वाटावेत. मे महिन्यात पंखा नसलेल्या खोलीत ठेवल्या तर त्या भराभर कोषात जातात. कोषात गेलेली अळी मेली म्हणून मोजू नये, तिची नोंद वेगळी ठेवावी. डब्याची जाळी धातूची हवी. मऊ प्लास्टिक त्या कुरतडून बाहेर येतात, आणि जवळपास मधपेट्या असतील तर ही थट्टेची बाब नाही.

टोचायचे शेवटच्या डाव्या उपपायाच्या (पोटाखालच्या मऊ पायाच्या) बुडाशी, १० मायक्रोलिटर. ५ लाख पेशी द्यायच्या तर मिलिलिटरला ५ कोटींचे द्रावण लागते; म्हणजे उंदरासाठी ४ कोटींचे पातळ केले तेच इथे थोडे घट्ट करावे लागते. आणि इथे औषधाच्या दुकानातली एक साधी गोष्ट प्रयोग बुडवते. काचेची हॅमिल्टन सिरिंज महाग, म्हणून इन्शुलिनची सिरिंज आणतात. आपल्याकडे लाल टोपीची यू-४० आणि नारिंगी टोपीची यू-१०० दोन्ही सर्रास मिळतात. यू-१०० वर एक एकक म्हणजे १० मायक्रोलिटर. यू-४० वर एक एकक म्हणजे २५. लाल टोपीच्या सिरिंजने ‘एक रेघ’ दिली की अळीला ५ ऐवजी साडेबारा लाख पेशी जातात, आणि दुसऱ्या दिवशी दुबळा वाणही ‘अडीचपट उग्र’ झालेला असतो. यू-१०० मध्येही १ मिलिलिटरच्या सिरिंजवर रेघ बहुधा दोन-दोन एककांवर असते, ०.३ मिलिलिटरची घ्यावी. सुई काढताना रक्ताचा मोठा थेंब बाहेर आला तर डोसही बाहेर आला, ती अळी बाद.

सोबत तीन गट हवेतच: काही न टोचलेला, नुसते सलाईन टोचलेला आणि उष्णतेने मारलेल्या पेशी टोचलेला. सलाईनच्या १० अळ्यांतल्या दोन मेल्या तर दोष हाताचा किंवा अळ्यांचा, प्रयोग पुन्हा. ३७ अंशांवर ठेवून दर २४ तासांनी पाच दिवस पाहायचे. काळी पडलेली अळी मेलीच असे नाही. चिमट्याने हळूच स्पर्श केल्यावर हलली तर ती जिवंत. सगळे तीनदा, वेगवेगळ्या खेपेच्या अळ्यांवर करायचे. वागळे इस्टेटच्या आसपास वीज गेली आणि इन्क्युबेटर इन्व्हर्टरवर नसेल तर रात्रीत तापमान ३० वर येते. तापमान नोंदवणारे यंत्र आत ठेवलेले नसेल तर हे कळतही नाही. शेवटी अळ्या उणे २० अंशांवर गोठवून मग १२१ अंशांवर ऑटोक्लेव्ह करायच्या. कचऱ्याच्या डब्यात कदापि नाही. विद्यार्थ्यांना रीत शिकवायची तर बेकरीचे यीस्ट आणि सलाईन एवढ्यावर उत्तम शिकवता येते. कॅन्डिडा अल्बिकन्सला दुसऱ्या जैवसुरक्षा पातळीची सोय लागते, आणि कॅन्डिडा ऑरिसला महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत पाय ठेवू देऊ नये.

अळीला फुप्फुस नाही, मूत्रपिंड नाही, प्रतिपिंडे नाहीत, टी-पेशी नाहीत. ती वाणांची क्रमवारी लावायला चांगली, आणि शंभर वाणांतले पाच निवडून मगच उंदरांकडे जाता येते. १९५९ मध्ये रसेल आणि बर्च यांनी सांगितलेल्या तीन गोष्टी, पर्याय शोधा, संख्या घटवा, यातना घटवा, यांतल्या दोन तरी इथे साधतात. उंदरांसाठी १९६०चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९९८चे नियम आणि संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची आधी मिळालेली मंजुरी लागते; मंजूर झालेल्या संख्येपेक्षा एकही उंदीर जास्त वापरता येत नाही. ज्या निकालात त्या मंजुरीचा उल्लेख नाही, त्यावर बातमी करण्याआधी विचारून घ्यावे.

प्राण्यातून माणसाकडे येताना काय होते, याचा धडा २०२१च्या काळ्या बुरशीशी जोडलेला आहे. (ती बुरशी काळी नसतेच, ती रक्तवाहिन्या बंद करते आणि मेलेली ऊती काळी पडते.) त्या मे महिन्यात केंद्राने राज्यांना म्युकरमायकोसिस, म्हणजे हाच आजार, साथरोग कायद्याखाली नोंदवायला सांगितले होते. तो बहुतेकदा करणाऱ्या रायझोपस या बुरशीला रक्तातले लोह हवे असते. उंदरांना स्ट्रेप्टोझोटोसिन या रसायनाने मधुमेह करून रक्तात आम्ल वाढले की ती बुरशी जास्त मारते, हे आधीच माहीत होते. मग लोह काढून घेणारे औषध दिले तर? डेफेरॉक्सामीन हे त्यांतले जुने औषध उलटेच निघाले, कारण त्याने धरलेले लोह रायझोपस हिसकावून घेतो. डेफेरासिरॉक्स, थॅलेसेमियाच्या घरांना ठाऊक असलेले, त्याने मात्र उंदीर वाचले. मग रुग्णांवर चाचणी झाली, २० जणांची, तिचा निकाल २०१२ मध्ये आला: औषध मिळालेल्या गटातच मृत्यू अधिक. दोन्ही गट सुरुवातीपासून सारखे आजारी नव्हते, संख्याही लहान होती, म्हणून त्यावरून औषध मारक म्हणता येत नाही. पण ‘उंदीर वाचले’ एवढ्यावर कोणी रुग्णासाठी औषधाची धावाधाव करू नये, इतके नक्की.

नायट्याबद्दलही हेच. टर्बिनाफिन या नायट्याच्या औषधाला न जुमानणारी ट्रायकोफायटन इंडोटिनी ही बुरशी आज आपल्याकडे घरोघरी आहे. त्वचेच्या प्रयोगांसाठी गिनीपिग वापरतात, पण त्याचा नायटा काही आठवड्यांत आपोआप बरा होतो. माणसाचा, त्यातून स्टेरॉइडचे मलम चोळलेला, वर्ष वर्ष हटत नाही. गिनीपिगवर ‘१४ दिवसांत साफ’ झालेले मलम याच कारणाने बिनउपचाराच्या गटाशी ताडून पाहावे लागते.

आपल्या वार्ताहरांनी शास्त्रज्ञ व्हावे अशी आमची अपेक्षा नाही. फोनवर पाच गोष्टी विचाराव्यात आणि त्या छापाव्यात: डोस किती, वाट कुठली, उंदीर कसले आणि किती, ‘घातक’ कशावरून ठरवले, आणि तुलना कशाशी. जागा किती लागते ते पाहा. पुढचे आकडे केवळ नमुन्याचे आहेत: ‘शेपटीच्या शिरेतून ३ लाख जिवंत पेशी दिल्यावर, प्रतिकारशक्ती न पाडलेल्या २० मादी उंदरांपैकी १४ जणींचे वजन दहा दिवसांत २० टक्के घटले, तुलनेच्या वाणाने तेवढ्याच डोसात २० पैकी ५ जणींचे. माणसांत हे तपासलेले नाही.’ दोन वाक्ये. ‘दहापट घातक’ यात कुठेच बसत नाही.

आपले,
सूक्ष्मजीवशास्त्राचे काही अध्यापक व प्रयोगशाळा-कर्मचारी,
ठाणे आणि नवी मुंबई